अकरावी-बारावीला मेकॅनिकल मेंटेनन्स घ्यावा का? मुलीच्या कॉलेजचा अनुभव

मुलीने सायन्सला मेकॅनिकल मेंटेनन्स हा बायफोकल विषय घेतला होता. आता तिची बारावी झाली आणि सोसायटीतले, कंपनीतले बरेच जण विचारतात की आमच्या मुलाला द्यावा का, म्हणून सविस्तर लिहितोय. मी भोसरी एमआयडीसीत टूलरूमला, म्हणजे कारखान्याची साचे-हत्यारं बनतात तिथे आहे, त्यामुळे कॉलेजात गेलो की माझी नजर आधी वर्कशॉपकडे जाते. कॉलेज पुण्यातलंच, मध्यवस्तीतलं. काही तक्रारीही आहेत, म्हणून नाव लिहीत नाही.

आधी विषयाचं गणित. बायफोकल म्हणजे सरकारी कागदावरचा द्विलक्षी, हातकाम शिकवणारा व्यावसायिक विषय, 200 मार्कांचा. तो घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स राहतात, बायॉलॉजीला जागा उरत नाही. मेडिकलचा विचार मनात थोडा जरी असेल तर या वाटेला जाऊ नका. इंजिनिअरिंगच्या सीईटीला काही अडत नाही, आणि पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करायचा मार्गही खुला राहतो.

ॲडमिशनच्या वेळी सगळीकडे एकच ऐकू येतं, ‘स्कोअरिंग आहे, घेऊन टाका.’ मार्क मिळतात हे खरं. पण तेवढ्यासाठीच घेतलेली मुलं वर्कशॉपमध्ये भिंतीला टेकून उभी असतात, आणि दोन वर्षं हातात आलेली चांगली गोष्ट वाया जाते. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

कारण शिकायला खरंच खूप आहे. सुरुवात फिटिंगपासून, म्हणजे धातूचा तुकडा हाताने घासून मापात आणण्यापासून. एमएसचा (साध्या पोलादाचा) चौकोनी तुकडा, तो व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) धरायचा, कानस मारून एक कड सपाट करायची आणि मग तिला काटकोनात दुसरी. ऐकायला सोपं वाटतं. करताना कानस दोन्ही टोकांना झुकते, कडा खाल्ल्या जातात आणि मधे फुगवटा राहतो. तिथल्या सरांची पद्धत मला फार आवडली. ते जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा हातात घेत, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावत आणि खिडकीकडे धरत. फटीतून उजेड दिसला की एक शब्द न बोलता जॉब परत. मुलगी घरी येऊन म्हणायची, “बाबा, डोळ्यांना सरळ दिसतं हो, गुण्या लावला की कळतं.” आमच्याकडे नवीन आलेल्या डिप्लोमावाल्या पोरांना हीच गोष्ट पटवायला महिने जातात. ती सतराव्या वर्षी शिकली.

व्हर्निअरचंही तसंच. फिजिक्सच्या लॅबमध्ये व्हर्निअर वाचतात ते जर्नल भरण्यापुरतं. इथे 0.02 मिमी लघुतमांकाच्या व्हर्निअरने स्वतःच लेथवर (धातू फिरवत कापायच्या मशीनवर) टर्न केलेला शाफ्ट, म्हणजे गोल दांडा मोजायचा असतो, आणि माप कमी आलं तर तो जॉब भंगारात. पुढचा कट देण्याआधी मोजायची सवय आपोआप लागते.

लेथवर सुरक्षेची शिस्त कडक आहे आणि त्याबद्दल कॉलेजला पूर्ण गुण. चकमध्ये, म्हणजे जॉब पकडून फिरणाऱ्या भागात, तो आवळायची चावी असेपर्यंत तिच्यावरचा हात काढायचा नाही, हा पहिला नियम. चावी तशीच राहिली आणि मशीन सुरू झालं तर ती गोळीसारखी सुटते. केस बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, अंगठी-ब्रेसलेट काढलेलं, मगच मशीनजवळ. बॅचमध्ये मुली मोजक्याच होत्या, पण सरांनी त्यांना ‘तुम्ही नुसतं बघा’ असं कधीच म्हटलं नाही. कापायचं टूल सेंटरला (जॉबच्या मध्याच्या उंचीला) लावण्यापासून सगळं स्वतः करायला लावलं.

आता खटकलेल्या गोष्टी. एक लेथ जवळजवळ वर्षभर बंद होतं. बिघाड बेल्ट आणि स्विचचा, आमच्याकडे दुपारपर्यंत उरकला असता. विषयाचं नावच मेंटेनन्स. ती दुरुस्ती मुलांकडूनच करून घ्यायला हवी होती. मी तसं भेटून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पुढे काही हललं नाही. उरलेल्या मशीनवर गर्दी, त्यामुळे एकेका मुलाच्या वाट्याला फार थोडा वेळ. वेल्डिंग फक्त लांबून दाखवलं. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, पडद्यावरच बघितलं. चाकण आणि भोसरी एवढ्या जवळ असताना वर्षातून एक कारखाना भेट होऊ नये, हे मला पटत नाही. शिवाय सीईटीचे क्लास आणि प्रॅक्टिकल यांची वेळ एकच यायची. बहुतेक मुलं क्लासला जायची आणि जर्नल शेवटच्या आठवड्यात एकमेकांचं बघून भरायची. कॉलेज डोळेझाक करतं.

म्हणून फॉर्म भरण्याआधी वर्कशॉप बघायला मागा, आणि प्रॅक्टिकल चालू असताना जा. लेथच्या बेडवर बोट फिरवा: तेल लागलं तर मशीन चालतं, गंज लागला तर नाही. ट्रेमध्ये धातूच्या ताज्या चिप्स (कापताना निघालेला कीस) आहेत का बघा. कानशींचे दात शिल्लक आहेत का बघा. मुलांच्या हातात काम आहे की वही, तेही बघा.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत आणि ज्यांना अकरावीपर्यंत थांबायचं नाही, त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम एकदा पाहून यावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तो सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तिथूनच शाळांमध्ये पोचला. वर्कशॉपच्या कामाबरोबर शेती, ऊर्जा, आरोग्य असं सगळं हाताने करत शिकायचं, ही त्यामागची पद्धत. शहरातल्या शाळांनी हे का उचललं नाही, असं मला नेहमी वाटतं.

आमच्या कॉलेजच्या कोर्सला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. शिकवणाऱ्या सरांना पाच. मुलीने पुढे मेकॅनिकलच घ्यायचं ठरवलंय. धाकटा आता नववीत आहे, त्यालाही हाच विषय देणार आहे, फक्त त्याआधी चार वर्कशॉप फिरून बघणार.