गावातला रेल्वेप्रवास: नेब्रास्का की ग्राउब्युंडन?

मुलांकडे अमेरिकेला जाणारे, आणि जाता-येता युरोपात थांबणारे बरेच जण विचारतात: हाताशी आठवडाभर आहे, मोठी शहरं नकोत, रेल्वेने खेडीपाडी बघायची आहेत, तर कुठे? मी अमेरिकेत नेब्रास्काच्या नैऋत्य कोपऱ्यात राहिलो आहे आणि स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतात मुक्काम करून फिरलो आहे, म्हणून तुलना या दोन भागांचीच करतो. सगळी अमेरिका नेब्रास्का नाही, आणि सगळा युरोप तर स्वित्झर्लंड मुळीच नाही. स्पेन किंवा फ्रान्सच्या आतल्या भागात दिवसाला दोन-तीनच गाड्या असलेले मार्ग आहेत.

गाडीत बसल्यावरचं सुख मोजायचं तर अमेरिका पुढे आहे, निदान मला तरी तसंच वाटलं. ॲमट्रॅक या अमेरिकेच्या प्रवासी रेल्वे कंपनीची कॅलिफोर्निया झेफिर ही गाडी शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलपर्यंत सुमारे ३,९०० किलोमीटर जाते. डबे दुमजली, साध्या वर्गातही पाय सैल सोडता येतील एवढी जागा, आणि काचेच्या भिंतींचा एक वेगळा डबा फक्त बाहेर बघत बसण्यासाठी. तिथे माणसं आपणहून बोलतात. शेतकरी भेटतात, निवृत्त शिक्षक भेटतात. विमान टाळणारी आणि स्वतःची मोटार न ठेवणारी आमिश या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं भेटतात. स्विस गाडीत शेजारी नमस्कारापुरतं बोलतो आणि खिडकीकडे वळतो.

खरा फरक गाडीतून उतरल्यावर सुरू होतो. मॅककुक हे नेब्रास्कातलं, झेफिरच्या वाटेवरचं, साडेसात हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. तिथे दिवसाला पश्चिमेकडे एक आणि पूर्वेकडे एक गाडी, आणि दोन्हींची वेळ मध्यरात्रीनंतर, उजाडायच्या आत. कारण समजण्यासारखं आहे. रॉकी पर्वत प्रवाशांना उजेडात दिसावा म्हणून पश्चिमेकडे जाणारी गाडी पर्वताच्या पायथ्याच्या डेन्व्हरला सकाळी पोचते आणि पूर्वेकडे येणारी तिथून संध्याकाळी सुटते. मग मधला नेब्रास्का रात्रीतच पडतो. रूळ मालगाडीवाल्या कंपन्यांचे. कायद्याने प्रवासी गाडीला आधी वाट द्यायची असते, पण मालगाड्या हल्ली इतक्या लांब असतात की काही ठिकाणी दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठी असलेल्या बाजूच्या रुळावर (लूप लाइनवर) त्या मावतच नाहीत, आणि बाजूला थांबावं लागतं ते प्रवासी गाडीला.

गाडी दिवसातून एकदाच असते, हे मी चालवून घेतलं असतं. मला नडलं ते वेगळंच. त्या वेळी गावातल्या स्टेशनबाहेर बस नाही, टॅक्सी मिळेलच असं नाही. म्हणजे कुणाला तरी झोपेतून उठवायचं. आमचे यजमान सत्तरी ओलांडलेलं जोडपं, आनंदाने यायचे, वर थर्मासमधून कॉफी आणायचे. पण गाडी मागेपुढे झाली की तेही थंडीत मोटारीत बसून राहणार, या विचाराने मला आदल्या संध्याकाळपासून चैन पडायचं नाही. पुढे पुढे मी या भिडेपोटीच त्यांच्याकडे जाणं कमी केलं. तिथे रेल्वेने पोचायचं तर मोटारवालं माणूस ओळखीचं लागतं, आणि मोटार मिळाली की रेल्वेने कशाला यायचं, हा प्रश्न उरतोच.

ग्वार्डा हे ग्राउब्युंडनमधलं गाव दोनशेहून कमी वस्तीचं. स्टेशन खाली दरीत, गाव वर डोंगराच्या अंगावर. मीटर गेजची लाल गाडी दिवसभर तासातासाला येते, आणि वर जाणारी छोटी पिवळी पोस्टबस (स्विस टपाल सेवेची प्रवासी बस) गाडीची वेळ धरून उभी असते. १९८२ पासून स्वित्झर्लंडभर हे ठरावीक अंतराचं वेळापत्रक आहे: दर तासाला त्याच मिनिटाला गाडी, आणि जंक्शनवर बाकीच्या गाड्या-बस तिच्याशी जुळवलेल्या. एक चुकली तर पुढची आहेच. आम्ही घरमालकीणबाईंना पोचायची वेळ कळवली नव्हती, कळवायची गरजच नव्हती. संध्याकाळी पायी हिंडून दारात उभे राहिलो. कुणाचे उपकार नाहीत, कुणाची झोपमोड नाही.

नेब्रास्का विरळ आहे म्हणून तुलना चुकीची, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे: महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांश क्षेत्रफळात जेमतेम वीस लाख माणसं आहेत. पण ग्राउब्युंडनही दाट वस्तीचा प्रांत नाही, शिवाय सगळा डोंगर.

स्वित्झर्लंड महाग आहे, यात वाद नाही. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये या लाल गाड्या आणि पोस्टबस दोन्ही चालतात, तेवढाच दिलासा. गाड्या बदलाव्या लागतात, आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन पाच-सहा मिनिटांत फलाट गाठणं साठीच्या पुढे जड जातं. गुडघे दुखत असतील तर झेफिरमध्ये एकदा बसून दोन दिवस न उतरणंच बरं, असंही मी काहींना सांगितलं आहे.

तरीही मला विचाराल तर आठवड्यातले पाच दिवस ग्राउब्युंडनला द्यावेत, आणि सामान एका जागी ठेवून रोज हलक्या हाताने फिरावं. अमेरिकेत जाणारच असाल तर डेन्व्हरला सकाळी झेफिरमध्ये चढून डोंगरातल्या ग्लेनवूड स्प्रिंग्जला दुपारी उतरा. गाडी वेळेत असेल तर सगळा डोंगर उजेडात दिसतो, आणि हॉटेल स्टेशनपासून चालत गाठता येतं.