टॅलीप्राइम रिव्ह्यू: एमआयएसचा पेपर द्यायच्या आधी दोन महिने हे वापरा

एमबीएच्या पहिल्या वर्षाला आम्हाला एमआयएस होतं, म्हणजे मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम, धंद्याची माहिती गोळा करून निर्णयाला कशी वापरायची तो विषय. पिरॅमिड काढायचा, खाली टीपीएस (रोजचे व्यवहार नोंदणारी सिस्टिम), मधे एमआयएस (त्यातून रिपोर्ट काढणारी), वर डीएसएस (निर्णयाला मदत करणारी), प्रत्येकाच्या चार-पाच ओळी लिहायच्या, झालं. मार्क चांगले पडले, पण याचा धंदेवाल्याला नक्की काय उपयोग असं कुणी विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं. ते कळलं उन्हाळ्याच्या सुट्टीत, तासगावकडे मामाचं कृषी सेवा केंद्र आहे तिथे टॅलीप्राइम या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर बसले तेव्हा. म्हणून हा रिव्ह्यू अकाउंट्सवाल्यांपेक्षा एमबीए, बीबीए, बीकॉमच्या मुलांसाठी लिहितेय.

सॉफ्टवेअर बंगळुरूच्या टॅली सोल्युशन्सचं, आधी त्याचं नाव टॅली ईआरपी ९ होतं, २०२० पासून टॅलीप्राइम. शिकायला सोपं आहे. एफ ८ सेल्स, एफ ९ पर्चेस, एफ ६ रिसीट, एफ ५ पेमेंट, आठवड्यात बोटांना सवय होते. मामाकडचे मुनीमकाका तर माऊसला हातच लावत नाहीत. आपल्याकडे क्लासमध्ये टॅली म्हणजे एवढंच शिकवतात, एन्ट्री मारा, जीएसटी लावा, बॅलन्स शीट जुळली की सर्टिफिकेट. पण बिझनेसच्या विद्यार्थ्यासाठी खरी गोष्ट तिथून पुढे आहे.

द्राक्षवाल्यांचा धंदा कसा चालतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की औषधांचा खर्च सुरू होतो, डाऊनी, भुरी असे रोग, पाऊस पडला की परत फवारणी, आणि हे सगळं बहुतेक उधारीवर. पैसे येणार माल गेल्यावर, फेब्रुवारी-मार्च-एप्रिलला. म्हणजे दुकानदार पाच-सहा महिने शेतकऱ्याला पैसे वापरायला देतो आणि कंपन्यांची बिलं मात्र त्याला वेळेवर भरावी लागतात. मामाचा दरवर्षीचा प्रश्न एकच, यंदा कुणाला किती उधार द्यायचं. हे तो इतकी वर्षं डोक्यातल्या हिशोबाने ठरवत आलाय आणि त्याचं डोकं चांगलं चालतं, पण आता चारशेच्या वर खाती झालीत.

मी काय केलं, आउटस्टँडिंग रिसीव्हेबल्सचा, म्हणजे येणं बाकी असलेल्या पैशांचा रिपोर्ट उघडला आणि एज-वाईज लावला, म्हणजे उधारी किती जुनी त्याप्रमाणे, तीस-साठ-नव्वद दिवस, पुस्तकात असतो तसा. निम्म्याहून जास्त उधारी नव्वद दिवसांच्या वर दिसायला लागली, मी घाबरून मामाला दाखवलं. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, अगं हे सगळे द्राक्षवाले आहेत, यांचे पैसे मार्चशिवाय येतच नाहीत. तेव्हा पहिल्यांदा कळलं की रिपोर्टचे कप्पे आपणच ठरवायचे असतात. लेजरमध्ये, म्हणजे प्रत्येकाच्या खात्यात, क्रेडिट पिरियड (उधारीची मुदत) टाकता येतो, तो द्राक्षवाल्यांना १८० दिवस टाकला, भाजीवाल्यांना ४५, आणि एजिंग, म्हणजे उधारीचं वय, बिलाच्या तारखेऐवजी ड्यू डेटने, पैसे द्यायच्या तारखेपासून, लावलं. मग जी यादी आली ती खरंच बघण्यासारखी होती.

तरी त्यात एक घोळ होताच आणि मला वाटतं या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त मी या घोळातून शिकले. एका शेतकऱ्याची एकूण बाकी अठरा हजार, पण बिलवार बघितलं तर दोन वर्षांपूर्वीची साठ हजारांची बिलं उघडी. झालं काय होतं, पैसे आले की रिसीट टाकताना टॅली विचारतं हे कुठल्या बिलापोटी, अगेन्स्ट रेफ (ठराविक बिलापोटी) की ऑन अकाउंट (नुसतं खात्यावर जमा), आणि दुकानात गर्दी असली की पटकन ऑन अकाउंट टाकलं जायचं. रक्कम जमा झाली, एकूण बाकी बरोबर, पण कुठलं बिल मिटलं ते सिस्टिमला माहीतच नाही. बॅलन्स शीटला काही फरक पडत नाही त्यामुळे सीएच्या नजरेला पण येत नाही. पण उधारी कुणाला द्यायची या प्रश्नाला तो रिपोर्ट चुकीचं उत्तर देतो, चांगला माणूस बुडव्या दिसतो. मुनीमकाका आणि मी बारा दिवस बसून जुन्या रिसीटा बिलांना लावल्या. डेटा क्वालिटी हा शब्द मी पेपरात लिहिला होता, त्याचा अर्थ एका शेतकऱ्याची पत असाही होतो हे तिथे बसून कळलं.

बाकी सोयी पटापट सांगते. औषधांना बॅच आणि एक्सपायरी लावता येते, कीटकनाशकाची मुदत संपली की ते विकता येत नाही, त्यामुळे हे चालू नसेल तर माल फडताळात मागे सरकत राहतो आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. संड्री डेटर्सच्या, म्हणजे उधारीवाल्या गिऱ्हाइकांच्या यादीखाली गावाप्रमाणे ग्रुप केले की वसुलीला निघताना त्या गावाचीच यादी मिळते. रीऑर्डर लेव्हल आहे, म्हणजे माल किती उरला की परत मागवायचा तो आकडा. ऑल्ट ई दाबून एक्सेलला काढा आणि पिव्होट टेबल (डेटाची गटवार बेरीज) लावा, हे येत असेल तर प्रोजेक्टला वेगळा डेटा शोधत फिरायला लागत नाही.

एक गोष्ट टॅलीच्या बाहेरची, पण विषय तोच आहे. युरियाचं ४५ किलोचं पोतं शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशाला मिळतं, उरलेली किंमत सरकार कंपनीला देतं, आणि २०१८ पासून देशभर ती सबसिडी दुकानातल्या पीओएस (विक्री नोंदवायच्या) मशीनवर विक्री नोंदली गेली की मग मिळते. म्हणजे मामाच्या काउंटरवर आधार नंबर टाकून अंगठा लागतो त्यावर दिल्लीतला हिशोब चालतो. पण तीच विक्री टॅलीत परत वेगळी मारावी लागते, दोन सिस्टिम, पोतं एकच. दोन्हीकडचा शिल्लक साठा रोज संध्याकाळी जुळवणं हे काम मी केलं. इंटिग्रेशन, म्हणजे दोन सिस्टिम एकमेकींना जोडणं, का हवं यावर तुम्हाला नोट लिहायची असेल तर कुठल्याही खतवाल्याकडे एक संध्याकाळ बसा.

विद्यार्थ्यांसाठी एज्युकेशनल मोड फुकट आहे, लायसन्स लागत नाही. मर्यादा अशी की व्हाउचर (एन्ट्री) महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना टाकता येतात. एन्ट्री शिकायला तेवढं पुरतं. एजिंगसारख्या गोष्टी नीट समजायला मात्र ओळखीच्या दुकानात, चालू कंपनीच्या डेटावर बसायला मिळालं तर जास्त बरं, फक्त बॅकअप घेऊन आणि विचारून, त्यात लोकांची खाती असतात.

ज्याला फॅक्टरी, प्रॉडक्शन प्लॅनिंग, मोठी सप्लाय चेन शिकायचीय त्याला टॅली अपुरं वाटेल, त्याने सॅपसारखं मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर बघावं. मी माझ्याकडून पाचपैकी साडेचार देईन.

आता ऑक्टोबर छाटणी जवळ आलीय. मामाने ड्यू डेटच्या रिपोर्टवरून चौदा नावं काढलीत, त्यातल्या तिघांच्या बागेला गेल्या साली अवकाळीने झोडपलं होतं, त्यांच्याकडे तो आधी स्वतः जाऊन येणार आहे आणि मगच त्यांची उधारीची लिमिट टॅलीत टाकायला सांगणार आहे.