पुनर्निर्देशन, निःसंदिग्धीकरण की स्वतंत्र लेख?

विकिपीडियावर एखाद्या नावाचे पान नाही आणि ते असायला हवे, इथवर कुणाचे दुमत नसते. पुढे काय? स्वतंत्र लेख लिहायचा, ते नाव आधीच्या लेखाकडे वळवायचे, की वाचकापुढे पर्याय मांडायचे? दोन गोष्टी पाहिल्या की बहुतेक वेळा उत्तर मिळते: त्या नावाचे अर्थ किती, आणि त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे किती.

अर्थ एकच आणि मजकूरही तोच असेल तर पुनर्निर्देशन. समजा लेख ‘अल्बर्ट आइन्स्टाइन’ या शीर्षकाने आहे आणि लोक ‘आईनस्टाईन’ शोधतात. ‘आईनस्टाईन’ हे पान उघडायचे, अगदी सुरुवातीला #पुनर्निर्देशन [[अल्बर्ट आइन्स्टाइन]] लिहायचे आणि जतन करायचे. वाचक थेट लेखावर पोचतो. शीर्षकाखाली बारीक अक्षरांत तो कुठून आला ते दिसते. त्या दुव्यावर टिचकी मारली की न वळता पुनर्निर्देशन पानच उघडते, दुरुस्ती तिथूनच करायची. या ओळीच्या वर काही मजकूर किंवा साचा (पानात बसवायचा तयार तुकडा) आला की वळण बंद पडते. खाली परिच्छेद ठेवले तर ते वाचकाला दिसतच नाहीत, त्यामुळे जुना मजकूर तिथे जपून ठेवण्यात अर्थ नाही. तो पानाच्या इतिहासात असतोच.

मराठी शीर्षकांना अशी पुनर्निर्देशने भरपूर लागतात. ऱ्हस्व-दीर्घ आणि ‘फ्रान्स-फ्रांस’ हे प्रकार निदान डोळ्यांना दिसतात. ‘ऱ्हास’ मात्र फसवा आहे. तो दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन वेगळी शीर्षके आहेत. अशा वेळी एकाकडून दुसऱ्याकडे पुनर्निर्देशन करावे आणि संपादन सारांशात कारण नोंदवावे. नाहीतर पान स्वतःकडेच वळवले आहे असे समजून कुणीतरी ते काढायला धावतो.

अर्थ अनेक असतील तर निःसंदिग्धीकरण, म्हणजे त्या नावाच्या सगळ्या लेखांचे दुवे देणारे पान. ‘गुरू’ म्हणजे ग्रह आणि शिक्षकही. कुणा एकाच अर्थाकडे वाचकाला ढकलणे चूक. पण या पानाची किंमत म्हणजे प्रत्येक वाचकाला एक जादा टिचकी. म्हणून अर्थ दोनच असतील आणि त्यातला एक ठळकपणे जास्त शोधला जात असेल, तर वेगळे पान नकोच. मुख्य लेखाच्या माथ्यावर दुसऱ्या लेखाकडे बोट दाखवणारी एक ओळ पुरते. पुनर्निर्देशन आणि निःसंदिग्धीकरण यांत आणखी एक फरक आहे. लेखातला दुवा निःसंदिग्धीकरण पानाकडे जात असेल तर तो दुरुस्त करायला हवा, पण पुनर्निर्देशनाकडे जाणारा दुवा चालतो. तो ‘सरळ’ करण्यासाठी शेकडो संपादने करणे ही निव्वळ हमाली.

खरी घासाघीस होते ती छोटा लेख की मोठ्या लेखातला विभाग, यावर. ‘शनीची कडी’ याबद्दल चारच ओळी हाताशी असतील तर चार ओळींचा लेख टाकू नये. #पुनर्निर्देशन [[शनी#कडी]] केले तर त्याच ओळी वाचकाला संदर्भासह मिळतात. धोका एकच, पण तो सहज लक्षात येत नाही. उद्या कुणी विभागाचे नाव ‘कड्यांची रचना’ केले की वाचक निमूटपणे लेखाच्या माथ्यावर येऊन पडतो. चूक दिसत नाही, आणि तुटलेल्या पुनर्निर्देशनांच्या यादीतही हे येत नाही, कारण लक्ष्य पान शाबूत असते. उपाय म्हणजे विभागाच्या शीर्षकापाशी कायमची खूण ठेवून पुनर्निर्देशन तिच्याकडे करणे, किंवा निदान ‘इथे पुनर्निर्देशन येते’ अशी छुपी टीप लिहिणे.

इतर लेखांतून दुवा देताना थेट [[शनी#कडी]] न देता [[शनीची कडी]] द्यावा. पुढे मजकूर वाढला आणि पुनर्निर्देशनाच्या जागी पूर्ण लेख आला, की जुने सगळे दुवे काही न करता योग्य ठिकाणी जातात. विभागात मात्र त्या नावाचा उल्लेख हवाच; जिथे शोधलेला शब्दच सापडत नाही अशा लेखावर वाचकाला नेण्यापेक्षा लाल दुवा (अजून नसलेल्या पानाचा दुवा) बरा.

शीर्षकच चुकीचे असेल तर पान ‘स्थानांतरित’ करावे; जुन्या नावाचे पुनर्निर्देशन आपोआप तयार होते. मजकूर उचलून नव्या पानावर चिकटवला तर इतिहास मागे राहतो आणि परवान्यानुसार लेखकांना द्यायचे श्रेय तुटते.

स्थानांतरणानंतर दुहेरी पुनर्निर्देशने तपासा. ‘क’ हे ‘ख’कडे आणि ‘ख’ हे ‘ग’कडे वळत असेल, तर सॉफ्टवेअर एकच पायरी चालते आणि ‘क’वरून आलेला वाचक ‘ख’च्या बाणापाशी अडकतो. सांगकामे (आपोआप संपादने करणारे प्रोग्राम) हे निस्तरतात, पण त्यांची वाट पाहण्याऐवजी ‘येथे काय जोडले आहे’ ही पानाकडे येणाऱ्या दुव्यांची यादी उघडून ‘क’चे लक्ष्य ‘ग’ करणे हे मिनिटाचे काम आहे.

दुसऱ्या प्रकल्पाकडे, म्हणजे विक्शनरी या शब्दकोशासारख्या ठिकाणी, वाचकाला आपोआप वळवता येत नाही. तिथे साच्याने ‘मृदू’ पुनर्निर्देशन करतात. वाचकाला दुवा दिसतो, टिचकी त्यानेच मारायची.

एखादे पुनर्निर्देशन ‘कुणी वापरत नाही’ म्हणून वगळायला निघाला असाल तर त्याच्या स्वतःच्या नावाने पानभेटी बघा. त्या लक्ष्य लेखाच्या आकड्यात धरलेल्या नसतात.