‘मुळेच’ मधला ‘च’

“काका, विश्वामित्रीच्या पुरावर आमचा अहवाल तयार होतोय. छापण्याआधी तुम्ही तपासून द्याल का?” फोन आपल्या बडोद्यातल्याच एका छोट्या स्वतंत्र संशोधन संस्थेतून होता. २६ वर्षं पाटबंधारे खात्यात पुराचं पाणी मोजण्यात गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३७ फुटांच्या आसपास चढली तेव्हा समा भागातल्या मुलीच्या घरात गुडघाभर पाणी होतं. लगेच हो म्हटलं. आता काम झालं, अहवालही आला. त्यांची बाहेरच्या जाणकारांकडून तपासणी करून घेण्याची पद्धत कशी आहे ते लिहितो. तक्रारही आहे, म्हणून संस्थेचं नाव घालत नाही.

सुरुवात उत्तम. मसुदा हातात देण्याआधी त्यांनी हितसंबंधांचा फॉर्म भरून घेतला. ज्या खात्याच्या निर्णयांवर अहवाल बोलतो त्याच खात्याचा मी पेन्शनर, हे मी ठळक लिहिलं. मला वाटलं, आता वगळतील. त्यांनी ठेवलं, पण धरणाचे दरवाजे कधी उघडले याचं प्रकरण माझ्याकडून काढून दुसऱ्या परीक्षकाला दिलं. हे मला फार पटलं. जाणकार माणूस हवा आणि त्याचा कल एखाद्या बाजूला असू शकतो, या दोन्ही गोष्टींचा त्यांनी विचार केला होता.

६४ पानं, १२ दिवस. सोबत एक तक्ता: पान, ओळ, शेरा, संस्थेचं उत्तर. पान २३ वर नदीचा विसर्ग, म्हणजे वाहतं पाणी, ‘क्युसेक’मध्ये (सेकंदाला घनफूट) दिला होता आणि आकडा इतका लहान, की तेवढं पाणी एखाद्या कालव्यातूनही जाईल. मूळ नोंद मागवली तर ती क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) निघाली. १ क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. टंकताना एक अक्षर बदललं आणि पूर पस्तीसपट आटला! त्यांच्या चार जणांनी तो तक्ता वाचला होता. रोज तेच पान बघणाऱ्याला ते दिसत नाही, यात त्यांना दोष नाही. बाहेरचा डोळा लागतो तो यासाठीच. चूक त्याच दिवशी दुरुस्त झाली, आभारही मानले.

माझी खरी तक्रार पान ४१ ची. “काठावरच्या अतिक्रमणामुळेच पूर आला,” असं वाक्य होतं. अतिक्रमण मी डोळ्यांनी पाहिलंय, ते नाकारत नाही. पण पावागढकडून येणारं पाणी, त्या दिवसांतला पाऊस, यांचा हिशेब न मांडता तो ‘च’ कसा आला? मी लिहिलं, “‘च’ ला पुरावा द्या, नाहीतर काढा.” उत्तराच्या रकान्यात आलं, “नोंद घेतली.” छापील अहवालात ‘च’ जागच्या जागी. माझ्या १९ शेऱ्यांपैकी ७ ना हेच उत्तर. माझं ऐकलंच पाहिजे असा हट्ट नाही. का ऐकलं नाही, ते दोन ओळींत लिहा.

याचं मोल मोठमोठ्या संस्थांना पुढे कळलंय. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, आयपीसीसीच्या, २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता वर्तवली होती. परीक्षकांनी मसुद्यातच शंका काढली होती, तिच्याकडे नीट लक्ष दिलं गेलं नाही. २०१० मध्ये ते विधान मागे घ्यावं लागलं. त्याच समितीच्या २०२१ च्या विज्ञानविषयक अहवालावर ७८,००७ शेरे आले. शेरे आणि त्यांवरची लेखकांची उत्तरं कुणालाही वाचता येतात. आमच्या संस्थेपुढे तिघांचे मिळून पन्नासेक शेरे होते. तेवढ्यांना उत्तर देणं जमण्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट, प्रकाशनाच्या पत्रकावर छापलं होतं, “तज्ज्ञांनी मान्य केलेला अहवाल.” मी मान्य केलेला नाही, मी तपासला. शेवटचा मसुदा तर पाहिलाही नव्हता. अमेरिकेतल्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञानसंस्था आपल्या अहवालात परीक्षकांची नावं देतात आणि तिथेच स्पष्ट लिहितात, की निष्कर्षांना यांची संमती मागितलेली नव्हती, अंतिम मसुदा यांनी पाहिलेला नाही. मी फोन केला तेव्हा संस्थेतल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, आणि दोन दिवसांत वेबसाइटवरचा मजकूर बदलला. छापील पत्रकं मात्र वाटून झाली होती. ओळखीचे लोक दांडिया बाजारात भेटून विचारतात, “तुम्हीच पास केलात ना तो अहवाल?” प्रत्येकाला थांबवून सांगतो, नाही.

मानधन ठरल्याप्रमाणे, वेळेवर आलं. वागणूक आदराची. पाचपैकी साडेतीन.

विहिरींच्या पाण्यावरच्या पुढच्या अहवालासाठी त्यांनी परत विचारलंय. येतो म्हटलंय. तक्त्यात आणखी एक रकाना घाला, ‘बदल केला नसल्यास कारण’, एवढं सांगून ठेवलंय.