फुलोऱ्याच्या कसोटीवर घरगुती हायड्रोपोनिक संच

ओट्यावर मावणारे, बारा रोपांचे हायड्रोपोनिक (मातीविना, खत विरघळवलेल्या पाण्यात रोपे वाढवणारे) संच बहुधा लेट्यूस, पालक आणि तुळशीची हिरवीगार चित्रे दाखवून विकले जातात, आणि पालेभाजीपुरता मी वापरत असलेला संच त्या चित्रांना जागतो. चेरी टोमॅटो आणि मिरचीला कळ्या दिसू लागल्या की मात्र त्याची खरी परीक्षा सुरू होते. हा अभिप्राय त्या टप्प्यापुरताच आहे.

दिव्याच्या पट्टीवर ‘पाने’ आणि ‘फुले’ अशी दोन बटणे आहेत. दुसरे दाबले की तांबडा प्रकाश वाढतो आणि दिवा १६ तास चालतो. टोमॅटो आणि मिरचीचे फुलणे दिवसाच्या लांबीवर ठरत नाही, त्यांना एकूण प्रकाश भरपूर लागतो, त्यामुळे हे वेळापत्रक त्यांना मानवते. शेवंतीला मात्र तेच मारक ठरेल, कारण ती रात्र लांबल्यावरच कळी धरते. तास कमी करण्याची सोय नसणे ही मला गंभीर उणीव वाटते. दिवा वर सरकवता येतो हे चांगले आहे, तरीही त्याखाली ठेंगण्या जातीच लावाव्यात.

सोबत मिळणारे दोन बाटल्यांतले खत पानांच्या वाढीसाठी बेतलेले आहे. फुलोऱ्यात पालाशची (पोटॅशियमची) गरज वाढते, आणि नत्राचा (नायट्रोजनचा) भर तसाच चालू ठेवला तर झाड माजते, पाने गर्द होतात आणि फुले मोजकीच येतात. म्हणून फुलोऱ्याचे खत वेगळे विकत घ्यावे लागते. त्याबरोबर ईसी मीटरही (ईसी म्हणजे द्रावणाची विद्युतवाहकता, जिच्यावरून त्यात किती खत विरघळले आहे ते कळते) घ्यावा, कारण संचात केवळ पीएच, म्हणजे आम्लता, तपासण्याचे थेंब दिले आहेत. टोमॅटोसाठी ईसी २ ते ३ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर आणि पीएच ५.५ ते ६.५ या दरम्यान राखावा. टाकी लहान असल्याने फळधारणेच्या काळात झाडे पाणी झपाट्याने ओढतात आणि उरलेले द्रावण खारट होत जाते. अशा वेळी पुन्हा खत न घालता साधे पाणी भरावे. आरओचे पाणी वापरणाऱ्यांनी कॅल्शियम कमी पडू देऊ नये, अन्यथा टोमॅटोच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो.

माहितीपुस्तिकेत परागीभवनाचा उल्लेखही नाही, याचे मला फार वाईट वाटते. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, परंतु पराग परागकोषांच्या नळीत असतो आणि फूल हलले तरच नीट सुटतो. बंद खोलीत ना वारा असतो ना मधमाशी. सकाळी उशिरा, दव आणि दमटपणा ओसरल्यावर, विजेवर चालणाऱ्या टूथब्रशची पाठ घोसाच्या देठाला क्षणभर टेकवावी. खाली काळा कागद धरला तर पडणारी पिवळी भुकटी स्पष्ट दिसते, आणि ती दिसली की काम झाले असे समजावे.

पुण्यासारख्या ठिकाणी एप्रिल-मेमध्ये दिवसाचे तापमान ३२ अंशांपुढे गेले आणि रात्रीही उकाडा राहिला तर फुलगळ होते, आणि त्यावर या संचापाशी उपाय नाही. फळभाजीसाठी संच घेणाऱ्यांनी लागवडीचा काळ असा निवडावा की फुलोरा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येईल, आणि फुलोऱ्याचे खत व ईसी मीटर यांचा खर्च किमतीत आधीच धरावा. केवळ पालेभाजी हवी असेल, तर या संचावर याहून काही वेगळे खर्चण्याची गरज नाही.