कागद सगळे होते, परवानगी नव्हती

ठाणे जिल्ह्यातील ज्या उपनगरात वन बीएचके सदनिकेचा भाव तेव्हा पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस लाखांच्या घरात होता, तिथेच नव्या इमारतीतील तेवढ्याच क्षेत्रफळाची सदनिका आम्हाला २९ लाखांना देऊ करण्यात आली आणि आम्ही ती घेतली. आमचे ते पहिले घर. आज त्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर महापालिकेची पाडकामाची नोटीस लागलेली आहे आणि गृहकर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला खात्यातून वजा होतो आहे. हा अनुभव लिहून ठेवावासा वाटतो, कारण आमच्याकडे कागदपत्रांची वानवा नव्हती. नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोनचा उतारा (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश), महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक, कर्जाचे मंजुरीपत्र, वीजबिल, मालमत्ता कराची पावती असे सारे फाइलमध्ये व्यवस्थित लावलेले होते. यातले दोन-तीन कागद पाहिले तरी सामान्य माणसाला धीर येतो, आणि फसवणाऱ्याची सारी मांडणी त्या धीरावरच उभी असते.

स्वस्त घराबरोबर ते स्वस्त का आहे याचे कारणही तयार ठेवलेले असते. आम्हाला दलालाने सांगितले, की ही जमीनमालकाच्या वाट्याला आलेली सदनिका आहे, त्यांच्या घरी मुलीचे लग्न निघाले आहे आणि म्हणून ते बाजारभावाची वाट न पाहता विकत आहेत. कारण ऐकायला अगदी सरळ होते. पुढे इमारतीतील सगळे रहिवासी एकत्र आले तेव्हा कळले, की चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाला भागीदारांमधल्या वादाचे कारण दिले होते, तर आमच्या शेजाऱ्यांना विकासकाच्या वडिलांच्या आजारपणाचे. प्रत्येकाला वेगळे कारण, आणि प्रत्येक कारण असे, की ते खरे की खोटे हे विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाला विचारताच येऊ नये. स्वस्ताईचे कारण विकणाऱ्याच्या घरगुती अडचणीत सापडत असेल, तर ते कारण मिळालेलेच नाही असे धरून चालावे, असे मला आता ठामपणे वाटते.

माझे मामा निवृत्त तलाठी आहेत. त्यांनी सातबारा मागवला, फेरफार पाहिले, ‘इतर अधिकार’ या रकान्यात कुळाची, बँकेच्या बोजाची किंवा सरकारी हक्काची नोंद आहे का ते तपासले, जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, नाही याचीही खात्री केली. “जमीन स्वच्छ आहे गं,” असे ते म्हणाले, आणि ते खरेही होते. जमिनीच्या मालकीत काहीही गोम नव्हती. परंतु स्वच्छ जमिनीवर बेकायदा इमारत उभी राहू शकते, आणि इमारतीला परवानगी आहे की नाही हे सातबारा सांगत नाही. मामांनी त्यांना कळत होते ते चोख तपासले, माझ्या पतींनी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून पाहिला, कर्ज देणाऱ्या संस्थेने तिच्या वकिलाकडून मालकीचा शोध अहवाल घेतला. प्रत्येकाने आपापला कागद पाहिला आणि उरलेले दुसऱ्याने पाहिले असेल असे गृहीत धरले.

त्या काळात दोन गोष्टी अशा घडल्या, की ज्या कोणत्याही खरेदीदाराने धोक्याची घंटा मानाव्यात. पहिली म्हणजे घाई. करारनामा नोंदवण्यापूर्वीच किमतीच्या तीस टक्के रक्कम भरावी, त्यातली काही रोख द्यावी, आजचा भाव उद्या राहणार नाही, असा तगादा लागला. स्थावर संपदा नियमनाच्या रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार विकासकाला करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेताच येत नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यासही आयकर कायद्याने मनाई आहे. ज्या व्यवहाराचे पहिले पाऊलच दोन कायदे मोडून पडते, त्याचे पुढचे कागद सरळ असतील असे मानायला आधार राहत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आमचे वेतन ज्या राष्ट्रीयीकृत बँकेत जमा होते, तिने या इमारतीसाठी कर्ज देता येणार नाही असे सांगितले. कारण लेखी दिले नाही. प्रकल्प त्यांच्या मंजूर यादीत नाही, एवढेच कळवले. दलालाने लगेच, सरकारी बँका कागदांवर अडून बसतात, असे म्हणत एका खासगी गृहवित्त कंपनीची माणसे थेट आमच्या घरी आणली आणि जास्त व्याजाने कर्ज मंजूर करून दिले. माझा सर्व वाचकांना आग्रह आहे, की विकासकाने सुचवलेली कर्जसंस्था बाजूला ठेवून दोन-तीन मोठ्या बँकांच्या शाखांत स्वतः जावे आणि या इमारतीला कर्ज देता का, एवढेच विचारावे. कर्ज नाकारले गेले तर त्यामागे बहुधा बँकेच्या कायदा विभागाने पाहिलेले काहीतरी असते, आणि ते ज्ञान आपल्याला एक रुपयाही न देता मिळते.

ताबा मिळाला तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, “येणारच आहे” असे सांगण्यात आले. महापालिकेच्या नळजोडणीऐवजी टँकर येत राहिले. गृहनिर्माण संस्था स्थापन करण्यासाठी रहिवाशांनी कागद जमवायला सुरुवात केली, तेव्हा एका रहिवाशाने बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची (बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीची) प्रत जोडून नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर आले, की या सर्व्हे क्रमांकावर अशी कोणतीही परवानगी देण्यात आलेली नाही, आणि प्रमाणपत्रावरचा जावक क्रमांक दुसऱ्याच भूखंडावरील एका छोट्या बांधकामाचा आहे. शिक्का, सही, नकाशा सगळेच बनावट होते.

हा प्रकार आमच्याच इमारतीपुरता आहे असे समजू नये. कल्याण-डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्या सादर करून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारतींवर न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ ते २०२५ ची सुरुवात या काळात हातोडा पडला. तिथे राहणारी कुटुंबे परीक्षा तोंडावर असताना मुलांची दप्तरे आणि भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर आली. बेकायदा इमारतीचा धोका पाडकामापुरताही नसतो, कारण जिथे परवानगी नाही तिथे बांधकामाच्या दर्जावर कोणाची देखरेखही नसते. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला काही महिन्यांत घाईने उभारलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जणांचे प्राण गेले.

या सगळ्या प्रकरणांतून मला उमगलेली गोष्ट अशी, की खोटा कागद बहुधा एकच असतो आणि बाकीचे खरे असतात. बनावट प्रारंभ प्रमाणपत्र सादर करून मिळवलेला महारेराचा क्रमांक खराच असतो, त्या क्रमांकाच्या आधारे झालेली दस्तनोंदणी खरी असते, त्या दस्तावर मिळालेले कर्ज खरे असते, आणि म्हणूनच एकेक कागद कितीही वेळा तपासला तरी खोट सापडत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मुद्रांक शुल्क भरले आहे की नाही ते पाहतो. इमारत कायदेशीर असल्याची हमी तो देत नाही. वीजमीटर बसला याचा अर्थ विजेचे बिल कोणाच्या नावे काढायचे हे ठरले, इतकाच. मालमत्ता कराच्या पावतीवर तर लोक सर्वाधिक विसंबतात, परंतु बेकायदा बांधकामावरही महापालिका कर आकारते, वर शास्तीही लावू शकते, आणि अशा आकारणीमुळे बांधकाम नियमित ठरत नाही हे महापालिका अधिनियमातच स्पष्ट केलेले आहे.

म्हणून मुळाशी जावे लागते, आणि मूळ एकच आहे: परवानगी ज्या कार्यालयाने दिली असे सांगितले जाते, ते कार्यालय. महापालिका किंवा नगरपरिषद असेल तर तिचा नगररचना विभाग, त्याबाहेरच्या भागात जे नियोजन प्राधिकरण असेल ते. विकासकाकडून प्रारंभ प्रमाणपत्राची आणि मंजूर नकाशाची प्रत घ्यावी. प्रत द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे बोलणेच थांबवावे. प्रतीवरचा जावक क्रमांक, तारीख, सर्व्हे क्रमांक आणि मंजूर मजल्यांची संख्या लिहून घेऊन हे प्रमाणपत्र आपल्या कार्यालयाने दिले आहे का, ते आजही कायम आहे का आणि जागेवर कोणते आरक्षण आहे का, अशी विचारणा लेखी करावी. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे शुल्क लागते आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. विकणारा म्हणेल, की तीस दिवस थांबलात तर घर हातचे जाईल. जाऊ द्यावे. वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेणाऱ्या कुटुंबाला एक महिना थांबण्याचा अधिकार आहे, आणि खरा विकासक त्याला हरकत घेत नाही.

भावाविषयीही एक बाब सांगायला हवी, कारण ती आमच्यापैकी कोणालाच कोणी सांगितली नव्हती. आमच्या सदनिकेचे रेडी रेकनरनुसार, म्हणजे शासनाने ठरवलेल्या दरांनुसार, मूल्य ३६ लाख निघाले आणि मुद्रांक शुल्क त्यावरच भरावे लागले. आयकर कायद्यानुसार सरकारी मूल्य आणि खरेदीची किंमत यांतला फरक खरेदीच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक असेल आणि पन्नास हजारांच्याही वर असेल, तर तो सगळा फरक खरेदीदाराचे उत्पन्न मानून त्यावर कर लागतो. म्हणजे जे पैसे ‘वाचले’ म्हणून आम्हाला आनंद झाला होता, त्यांतल्या सात लाखांवर कराची मागणी आली. रेडी रेकनरचा दर शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो, तेव्हा घर पाहायला जाण्याआधीच तो पाहावा. सरकारी मूल्यापेक्षाही कमी भावात नवी सदनिका कोणी विकत असेल, तर तो तोटा सोसतो आहे की खर्चच केलेला नाही, हा प्रश्न तिथेच विचारला पाहिजे.

सध्या रहिवाशांनी मिळून फसवणूक आणि बनावट दस्तऐवजांबद्दल भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा दाखल केला आहे. महारेराकडे वेगळी तक्रार आहे. खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या खरेदीदाराला कलम १२ नुसार व्याजासह परतावा मागता येतो, आणि त्यासाठी माहितीपत्रक, जाहिरात, दलालाचे व्हॉट्सॲप संदेश, पैशांच्या पावत्या यांतले जे जे जपून ठेवले असेल ते कामी येते. परताव्याचा आदेश झाला, तर न दिलेली रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद आहे, मात्र त्यासाठी विकासकाच्या नावावर जप्त करण्याजोगे काहीतरी असावे लागते. आमच्या विकासकाने भागीदारी संस्था या एकाच इमारतीसाठी काढली होती, आणि तिच्या नावावर आजपर्यंत आम्हाला एका बंद बँक खात्याखेरीज काही सापडलेले नाही. आमच्या वकिलांनी आता जमीनमालकालाही प्रतिवादी केले आहे, कारण जमीनमालक आणि विकासक यांच्यातल्या विकसन करारावर त्याची सही आहे आणि जमीन अजून त्याच्याच नावावर आहे.