विस्कॉन्सिनमधला हंटर एज्युकेशनचा वर्ग : विरोधकांचा त्रास झाल्यास काय करावे, हे तो कितपत शिकवतो?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला शिकारीचा परवाना घ्यायचा असेल, तर सहसा हंटर एज्युकेशनचा वर्ग पूर्ण करावा लागतो. अभ्यासक्रम राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा असतो, शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात आणि प्रत्यक्ष वर्गाचे शुल्क १० डॉलर आहे. आमच्या काउंटीतल्या एका शिकारी क्लबाने भरवलेल्या वर्गाला मी माझ्या मुलीसह बसलो. बंदुकीची हाताळणी, नेम, नकाशावाचन या भागांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. म्हणून शिकारीला विरोध करणारी माणसे रानात, गाडीपाशी किंवा फोनवर त्रास देऊ लागली तर काय करायचे, एवढ्या एकाच भागाविषयी मी येथे लिहितो आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंदच झाल्यामुळे भारतातून इथे आलेल्या आपल्या पिढीतल्या आईवडिलांना या बाबतीत अनुभवाचे चार शब्द सांगता येत नाहीत, आणि मुले मात्र इथल्या मित्रांबरोबर नोव्हेंबरच्या हरिणांच्या मोसमात रानात जाऊ लागतात. त्यामुळे हा भाग नीट शिकवला जातो की नाही, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे.

आमच्या वर्गात यासाठी संध्याकाळचे एक पूर्ण सत्र राखून ठेवले होते आणि तेच सर्वांत उत्तम झाले. शिक्षकांनी एकेकाच्या हाती सरावाची रायफल दिली. तिचा चाप निकामी केलेला होता आणि काडतुसे खोटी होती. मग दुसऱ्या शिक्षिका विरोधकाची भूमिका घेऊन फोनचा कॅमेरा रोखत अगदी जवळ आल्या आणि मोठ्या आवाजात बोलू लागल्या : लाज वाटत नाही का, या हरिणीची पाडसे आता कुठे जातील, तुझे नाव काय, तुझी शाळा कोणती. माझ्या मुलीची पाळी आली तेव्हा ती उत्तर देण्यासाठी त्यांच्याकडे वळली आणि तिच्याबरोबर रायफलीची नळीही वळली. शिक्षकांनी तिला तिथेच थांबवले. माणूस बोलायला वळला की हातातली बंदूक त्याच्याबरोबर वळते, आणि समोरच्याच्या चित्रफितीत मुलीचे शब्द नव्हे, तर आपल्याकडे वळलेली नळी दिसणार आहे, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. जाणूनबुजून कोणावर बंदूक रोखणे हा या राज्यात स्वतंत्र गुन्हा आहे. हेतू तसा नव्हता हे नंतर पटवून देत बसण्याची वेळ स्वतःवर आणू नये.

त्यानंतर त्यांनी क्रम घोटून घेतला. पाय जागचे हलवायचे नाहीत. नळी जमिनीकडे न्यायची. बोट चापाच्या कडीबाहेर ठेवायचे. बोल्ट, म्हणजे रायफलीत काडतूस आत ढकलणारा दांडा, उघडून काडतुसे काढून खिशात टाकायची. आणि मगच तोंड उघडायचे. बोलायचे तेही एकच वाक्य : मी कायदेशीर शिकार करतो आहे, मला वाद घालायचा नाही, मी इथून निघतो आहे. समोरच्याने कितीही डिवचले तरी त्याला दुसरे वाक्य मिळता कामा नये. ऐकायला हे सोपे वाटते, पण कानाशी कोणी ओरडत असताना बोल्ट उघडून काडतुसे न सांडता खिशात टाकणे मोठ्यांनाही जमत नव्हते. पुस्तकात हा विषय चार ओळींत उरकता येतो. हाताला वळण लागते ते अशा सरावानेच.

हातात बंदूक असताना वाद का घालायचा नाही, हे सांगताना शिक्षकांनी याच राज्यातली २००४ सालची घटना सांगितली. त्या नोव्हेंबरमध्ये सॉयर काउंटीत दुसऱ्याच्या जमिनीवरच्या मचाणावरून शिकाऱ्यांमध्येच बाचाबाची झाली आणि तिची अखेर सहा जणांच्या मृत्यूत झाली. आणखी दोघे जखमी झाले. त्या प्रसंगी विरोधक कोणीच नव्हते, सगळे शिकारीच होते. म्हणूनच हे उदाहरण मला योग्य वाटले. गोळी झाडणारा शिकारी आग्नेय आशियातून इथे आलेल्या ह्मोंग समाजाचा होता आणि आपल्याला वांशिक शिव्या दिल्या गेल्या, असे त्याचे म्हणणे होते. पुढे जानेवारी २००७ मध्ये एका ह्मोंग शिकाऱ्याचाच रानात खून झाला. इतके सांगून शिक्षक पुढच्या मुद्द्याकडे वळले, ही मला या सत्रातली पहिली मोठी उणीव वाटते. आपल्यासारख्या दिसणाऱ्या मुलाला रानात कोणी अडवले, तर ते शिकारीला विरोध म्हणून की कातडीच्या रंगामुळे, हे पहिल्या क्षणी कळत नाही. कृती दोन्ही वेळी तीच करायची असली, तरी मुलांना हे आधी उघडपणे सांगायला हवे होते. मी ते गाडीत परत येताना मुलीला सांगितले.

नोंद कशी ठेवायची, हे मात्र त्यांनी उत्तम शिकवले. तिथून बाजूला झाल्याबरोबर वेळ, जागा, गाडीचा क्रमांक, माणसाचे कपडे आणि कानावर पडलेले शब्द जसेच्या तसे लिहायचे. ‘धमकी दिली’ असे न लिहिता नेमके काय म्हटले ते लिहायचे. मचाणाची दोरी कापली असेल तर तिला हात न लावता फोटो काढायचा. मग वॉर्डनच्या, म्हणजे शिकारीचे नियम पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या अधिकाऱ्याच्या हॉटलाइनला, म्हणजे १-८००-८४७-९३६७ या क्रमांकाला कळवायचे; कोणी अंगावर आले किंवा जिवाची धमकी दिली, तर मात्र थेट ९११. सरावाला त्यांनी आम्हा प्रत्येकाला एक कोरा कागद देऊन नुकत्याच घडलेल्या नाट्याची नोंद करायला सांगितली, तेव्हा निम्म्या वर्गाने शिक्षिकेच्या कोटाचा रंग चुकीचा लिहिला होता.

कायद्याच्या भागाबाबत माझी गंभीर तक्रार आहे. अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत शिकारीत अडथळा आणण्याविरुद्ध कायदे आहेत आणि संघराज्याच्या जमिनींसाठी १९९४ चा वेगळा कायदा आहे, ही माहिती बरोबर होती. विस्कॉन्सिनच्या कायद्यानुसार शिकार होऊ नये या हेतूने जनावर हुसकावणे, शिकाऱ्याची वाट अडवणे, मचाणाची नासधूस करणे किंवा वर ड्रोन फिरवणे याला मनाई आहे, हेही त्यांनी नीट सांगितले. पण वाटलेल्या पत्रकात २०१६ साली जोडलेले कलम अजून जसेच्या तसे छापलेले होते. त्या कलमाने शिकाऱ्याच्या मागोमाग राहणे, त्याला वारंवार गाठणे आणि त्याचे चित्रीकरण करणे हेही अडथळ्यात धरले होते. शिकारीवर लक्ष ठेवून चित्रीकरण करणाऱ्या काही जणांनी त्याला आव्हान दिले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये शिकागोच्या सातव्या सर्किट अपील न्यायालयाने ते कलम संदिग्ध, अतिव्यापक आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात जाणारे ठरवले. अशा कायद्यांची ही पहिलीच अडचण नव्हे. कनेक्टिकटचा असा कायदा १९८८ मध्येच एका अपील न्यायालयाने रद्द केला होता, कारण सार्वजनिक जमिनीवर शिकाऱ्यांशी नुसते बोलणाऱ्या एका महिलेला त्याखाली अटक झाली होती. हा तपशील वर्गात सांगितलाच पाहिजे. सार्वजनिक जागेत आपले चित्रीकरण करणाऱ्याला ‘हा गुन्हा आहे’ असे एखादा मुलगा जुन्या पत्रकाच्या भरवशावर ठणकावून सांगू लागला, तर तो स्वतःच वाद सुरू करील आणि कायद्याची बाजूही त्याच्याकडे नसेल. मी हे शिक्षकांच्या कानावर घातले. त्यांनी पत्रक बदलण्याचे मान्य केले आहे.

विरोध आणि त्रास यांतला फरक वर्गात अधिक स्पष्ट व्हायला हवा होता. २००३ मध्ये विस्कॉन्सिनच्या राज्यघटनेत शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क घालण्यात आला, हे शिक्षकांनी अभिमानाने सांगितले, आणि तो अभिमान मलाही पटतो. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये याच राज्यात राज्याच्या परवान्यांवर ११९ लांडग्यांची मर्यादा असताना तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मारले गेले. त्यावर संतापलेली माणसे, ज्यांच्यासाठी लांडगा भावासमान आहे ते इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक, हे सगळे शिकाऱ्यांना त्रास देणारे ठरत नाहीत. आणि खऱ्या त्रासाचे उदाहरणच हवे असेल, तर तेही ओजिब्वेंचेच आहे. १८३७ आणि १८४२ च्या तहांनी राखून ठेवलेले त्यांचे शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क याच शिकागोच्या न्यायालयाने १९८३ मध्ये मान्य केले. त्यानंतर काही वर्षे वसंतात ते रात्री भाल्याने मासे मारायला निघाले की तळ्यांच्या धक्क्यांवर जमाव जमून त्यांना शिव्या देत असे आणि दगड मारत असे. त्या जमावातल्या अनेकांना स्वतः मासेमारीची आवड होती. हा इतिहास वर्गात सांगितला असता, तर त्रास देणारा नेहमी शहरातून आलेला प्राणिप्रेमीच असतो, हा मुलांचा समज दूर झाला असता.

फोटो आणि समाजमाध्यमे यांवरचा भाग आटोपशीर पण उपयोगी होता. मारलेले हरीण गाडीतून नेताना झाकून न्यावे, फोटो काढण्यापूर्वी रक्त पुसावे, फोटोतून जागेचा ठावठिकाणा काढून टाकावा, शिवीगाळ झाली तर तारखेसह स्क्रीनशॉट ठेवून उत्तर न देता त्या माणसाला ब्लॉक करावे. धमकी आली तर ती वॉर्डनकडे न नेता पोलिसांकडे न्यावी, हा भेद मला नवीन होता. आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत ‘कसाई’ म्हणून हिणवले जाते तेव्हा काय करायचे, हे अर्थात या वर्गात कोणी सांगणार नाही. त्याबाबत माझे मत असे आहे की, गटातल्या शाकाहारी वहिनींनी ‘मला हे बघवत नाही’ म्हटले, तर तो त्यांचा हक्क आहे आणि तो फोटो गटावर टाकूच नये. पण कोणी मुलीच्या शाळेचे नाव टाकून तिला धडा शिकवण्याची भाषा केली, तर नात्यागोत्याची भीड न धरता त्याचा स्क्रीनशॉट काढावा.

वर्ग मोठा असल्याने विरोधकाला तोंड देण्याचा सराव सगळ्यांना मिळाला नाही. मागच्या रांगेतल्या मुलांनी तो नुसता पाहिला. नाव नोंदवताना शिक्षकांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : हा सराव प्रत्येकाकडून करून घेतला जातो का, आणि कायद्याचे पत्रक २०२३ च्या निकालानंतरचे आहे का. १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी घरबसल्या ऑनलाइन वर्गाची सोय आहे, पण या एका सत्रासाठी मोठ्यांनीही प्रत्यक्ष वर्गालाच जावे, असे मी सुचवीन. शरद ऋतू जवळ आला की जागा भरत जातात, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच नाव घातलेले बरे.